न झालेल्या गोलांची किंमत

उत्तर अमेरिकेच्या नॅशनल हॉकी लीगमध्ये खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत जवळ आली की एकच युक्तिवाद कानावर येतो. गोल करणाऱ्या फॉरवर्डसाठी तिजोरी उघडावी. जो मागे धावत येऊन प्रतिस्पर्ध्याला रोखतो, तो भरपाईत मिळाला तर घ्यावा. पूर्वपक्षाचे म्हणणे असे, की गोल आणि असिस्ट मोजता येतात, बचाव मात्र प्रशिक्षकाच्या पद्धतीतून येतो आणि तो कोणालाही शिकवता येतो. हे मत चुकीचे आहे आणि ते महागात पडते.

फेब्रुवारी 2016 मध्ये शिकागोने टोमाश फ्लाइशमन आणि डेल वीस हे दोन अनुभवी फॉरवर्ड मॉन्ट्रियलकडून घेतले. बदल्यात फिलिप डॅनो हा तरुण सेंटर दिला, वर नव्या खेळाडूंच्या ड्राफ्टमधील दुसऱ्या फेरीची एक निवडही दिली. शिकागो प्ले-ऑफच्या पहिल्याच फेरीत हरला आणि उन्हाळ्यात ते दोघेही संघाबाहेर गेले. डॅनो मात्र मॉन्ट्रियलचा कणा झाला. 2021 च्या प्ले-ऑफमध्ये त्याची गाठ टोरंटोच्या ऑस्टन मॅथ्यूजशी पडली. त्या मोसमात 41 गोल करून लीगमध्ये अव्वल ठरलेल्या मॅथ्यूजला सात सामन्यांत एकच गोल करता आला. 3-1 ने मागे असलेला मॉन्ट्रियल ती मालिका जिंकला आणि पुढे अंतिम फेरीत पोहोचला. गोलरक्षक केरी प्राइस अप्रतिम खेळला, त्याचे श्रेय कोणी नाकारत नाही. पण मॅथ्यूजपुढे कोणाला उभे करायचे, याचे प्रशिक्षकाकडे पहिले उत्तर डॅनो हेच होते. त्या प्ले-ऑफच्या 22 सामन्यांत डॅनोचा स्वतःचा गोल एकच. गुणतक्त्यावर विसंबणाऱ्याला हा खेळाडू दिसणारच नाही. त्यानंतर लॉस एंजेलिसने त्याला सहा वर्षांसाठी 3.3 कोटी डॉलर दिले आणि पहिल्याच मोसमात त्याने 27 गोल केले. ज्याच्यावर सतत समोरच्या सर्वोत्तम फळीला रोखण्याचे काम सोपवलेले असते, त्याचे गोल कमी दिसतात ते कुवत कमी म्हणूनच, असे समजायचे कारण नाही.

आता विरोधकांचा सर्वांत भक्कम दाखला घेऊ. जुलै 2018 मध्ये बफेलोने रायन ओ'रायली सेंट लुइसला दिला आणि टेज थॉम्प्सन, सोबोत्का, बेर्ग्लुंड, शिवाय पहिल्या व दुसऱ्या फेरीची एकेक निवड घेतली. पुढे थॉम्प्सनने 2022-23 मध्ये 47 गोल केले. मग बफेलोचाच फायदा झाला, असे म्हणता येईल का? मला ते मान्य नाही. जानेवारी 2019 च्या आरंभी लीगमध्ये तळाला असलेल्या सेंट लुइसने त्याच मोसमात आपला पहिला स्टॅनली कप जिंकला. ओ'रायलीला प्ले-ऑफमधील सर्वोत्तम खेळाडूचा कॉन स्माइथ मिळाला, शिवाय बचावात निपुण फॉरवर्डला दिला जाणारा सेल्की पुरस्कारही. थॉम्प्सन फुलायला त्यापुढे काही वर्षे लागली. जिंकायला निघालेल्या संघाच्या दृष्टीने ही किंमत स्वस्तच होती.

पूर्वपक्षाचा एक मुद्दा मात्र मला पटतो. ‘दोन्ही टोकांना खेळणारा’ हे बिरुद कधीकधी नुसत्या सामान्य खेळाडूलाही चिकटवतात. म्हणूनच पारख नेमकी हवी. प्लस-मायनसवर, म्हणजे खेळाडू बर्फावर असताना संघाने केलेल्या आणि स्वीकारलेल्या गोलांच्या फरकावर, भिस्त ठेवू नये; तो आकडा गोलरक्षकाच्या आणि सोबत्यांच्या कामगिरीनुसार हेलकावे खातो. त्यापेक्षा यजमान मैदानावरचे सामने पाहावेत. तिथे शेवटची बदली करण्याचा हक्क यजमान प्रशिक्षकाचा असतो. तो कोणासमोर कोणाला पाठवतो, यातून त्याचा खरा विश्वास कळतो. आपल्या टोकाच्या फेसऑफसाठी कोण उतरतो, एक खेळाडू कमी असताना कोण उतरतो, आणि तो बर्फावर असताना एकूण फटक्यांत आपला वाटा किती राहतो, हे पाहावे. करार किती वर्षांचा उरला आहे, हेही तितकेच महत्त्वाचे. पगाराला कमाल मर्यादा असलेल्या लीगमध्ये वाजवी पगाराचा असा खेळाडू दुहेरी मोलाचा ठरतो.

विंगरांवर तर आणखीच अन्याय होतो. 2003 मध्ये विंगर येरे लेहतिनेनला सेल्की मिळाला. त्यानंतर वर्षानुवर्षे तो सेंटरांकडेच जात राहिला. विंगर मार्क स्टोन हा 2010 च्या ड्राफ्टमधला 178 वा खेळाडू, विरोधकाच्या काठीवरून पक काढून घेण्यात वाकबगार. 2019 मध्ये ओटावाने तो वेगासला दिला, तेव्हा हाती आले एरिक ब्रॅन्स्ट्रॉम, ऑस्कर लिंडबर्ग आणि दुसऱ्या फेरीची निवड. पहिल्या फेरीची एकही नाही. 2023 च्या अंतिम मालिकेतील निर्णायक सामन्यात वेगासने 9-3 ने कप जिंकला, आणि त्यातले तीन गोल स्टोनचे होते.