तळ्याच्या पोटात प्लॉट पाडाल तर गाठ आमच्याशी आहे

अर्धापूर नगरपंचायतीचे नगराध्यक्ष, सर्व नगरसेवक आणि मुख्याधिकारी यांना, आणि नांदेड-लातूर पट्ट्यातल्या प्रत्येक नगरपरिषदेच्या सभागृहाला हा जाहीर इशारा आहे. तळ्याच्या काठावर, पाझर तलावाच्या बुडीत क्षेत्रात किंवा नाल्याच्या पात्रात रहिवासी ले-आउट मंजूर करण्याचा विषय सभेपुढे घेऊ नका. आज असा विषय तुमच्यापुढे नसेल तर चांगलेच आहे. पण नांदेड-हिंगोली महामार्गाच्या दोन्ही बाजूंना जमिनीचे भाव कुठे जाऊन पोचलेत ते तुम्हालाही ठाऊक आहे. रस्त्याकडेची शेते संपली की प्लॉटिंगवाल्यांची नजर पाण्याकडे वळते, म्हणून ठराव होण्याआधीच बोलतो आहोत.

हे काम कसे होते ते सगळ्यांना माहीत आहे. उन्हाळ्यात तळे आटते. हरभरा निघालेली गाळपेर जमीन उघडी पडते. रात्रीतून हायवा येतात, मुरूम ओततात, सकाळी जेसीबी तो पसरून देतो. आठवड्याभरात चुन्याच्या रेघा दिसतात, कोपऱ्यांना दगड लागतात आणि फाट्यावर ‘लेक व्ह्यू’चा बॅनर चढतो. बॉन्डवर इसार होतो. एखाद्या शिक्षकाची, एसटीच्या कंडक्टरची, हळद विकून आलेल्या शेतकऱ्याची आयुष्यभराची पुंजी त्या चुन्याच्या चौकोनात जाते. खाली काय आहे? पाण्यात फुगणारा आणि उन्हात हातभर भेगाळणारा काळा गाळ. त्यावर दोन फूट मुरूम टाकला म्हणून तो बदलत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात जोता खचतो आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग वर चढत जाते.

इथपर्यंतचे पाप एकट्या प्लॉटिंगवाल्याचे म्हणता येईल. त्यापुढचे तुमचे आहे. विकास योजनेतला हिरवा पट्टा पिवळा करायचा तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 च्या कलम 37 खालचा फेरबदल लागतो, आणि त्याची सुरुवात तुमच्या सभागृहातून होते. सूचक, अनुमोदक, ‘सर्वानुमते मंजूर’. मग हरकतींची नोटीस निघते. तिची महिन्याभराची मुदत लोकांना कळते तेव्हा उलटून गेलेली असते. या वेळी तसे होऊ देणार नाही.

केरळातल्या मरडूचे नाव लिहून ठेवा. तिथे वेंबनाड सरोवराच्या काठावर उंच इमारती उभ्या राहिल्या. परवानग्या कुणी दिल्या? तिथल्या ग्रामपंचायतीने, 2006 च्या सुमारास. 8 मे 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. त्याच वर्षी ऑक्टोबरात परवानगी देणाऱ्या पंचायतीच्या माजी सचिवाला अटक झाली. 11 आणि 12 जानेवारी 2020 ला स्फोटके लावून चार संकुले जमीनदोस्त केली. तीनशेहून अधिक कुटुंबे घराबाहेर पडली, आणि त्यांच्याकडे कागद नव्हते असे नाही. सगळे कागद होते. तुमच्यासारख्याच एका स्थानिक संस्थेने शिक्का मारून दिलेले होते.

मरडू लांब वाटत असेल तर हैदराबाद बघा, जिथे आपल्याकडच्या घरटी एकाचा तरी पाहुणा कामाला आहे. 2024 च्या जुलैत तेलंगण सरकारने ‘हायड्रा’ ही यंत्रणा उभी केली. ऑगस्टमध्ये तम्मिडीकुंटा तळ्याच्या हद्दीतले एक बडे सभागृह पाडले, तेही एका नामवंत सिनेनटाचे. सप्टेंबरात तळ्यांच्या हद्दीतली घरे पाडायला यंत्रे पोचली. बायका भांडी आणि गाद्या रस्त्यावर आणून ठेवत होत्या आणि हातातली कागदपत्रे कॅमेऱ्यांपुढे धरत होत्या. विकणारे तेव्हा तिथे नव्हते. ठराव करणारेही नव्हते.

आणि पाणी स्वतःच आले तर नोटीस देऊन येत नाही. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला. अंबाझरी तलाव भरून सांडला आणि डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी या तळ्याखालच्या वस्त्या पाण्यात गेल्या. हजारो घरांत पाणी शिरले, माणसे दगावली. सांडव्याच्या तोंडाशी उभारलेल्या स्मारकावरून प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेले. एवढे मोठे शहर, महानगरपालिका, अग्निशमन दल, तरी त्या रात्री लोक गच्चीवर अडकले. आपल्याकडे रात्री दोन वाजता बोट कुठून आणणार? 2025 च्या ऑगस्टमध्ये आपल्याच जिल्ह्यात मुखेड तालुक्यातल्या रावणगाव, हसनाळमध्ये पाणी घुसले तेव्हा लष्कराला बोलवावे लागले, आणि तरीही सगळी माणसे वाचली नाहीत. त्यानंतरही कुणी सांडव्याखाली घरे बांधायला संमती देणार असेल तर त्याला आम्ही अजाण म्हणणार नाही.

आता कायद्याचे. तुमच्यापैकी काहींना सल्ला मिळेल की पाणथळ संवर्धनाचे 2017 चे नियम आपल्याला लागू नाहीत. त्या नियमांत पूरपातळीपासून 50 मीटरच्या आत पक्के बांधकाम करायला मनाई आहे, पण पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी माणसाने बांधलेली तळी त्यांतून वगळलेली आहेत. हे खरे आहे. या पळवाटेतून आपल्या भागातली बहुतेक तळी बाहेर पडतात. पण म्हणून ती मोकळी होत नाहीत. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 20 प्रमाणे नद्या, नाले, तलाव, तळी ही शासनाची मालमत्ता आहे. 2001 साली हिंचलाल तिवारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तळ्याच्या जागेवरचे घरांसाठीचे वाटप रद्द ठरवले, तळे पूर्वीसारखे उरले नसल्याची सबब मान्य केली नाही. 28 जानेवारी 2011 च्या जगपाल सिंग निकालात तर पंजाबातल्या एका गावाचे तळे बुजवून त्यावर घरे बांधली होती. जिल्हाधिकाऱ्यांनी पैसे घेऊन प्रकरण मिटवायची तयारी दाखवली होती. न्यायालयाने ती धुडकावली आणि सगळ्या राज्यांना गावकीच्या जमिनींवरची अतिक्रमणे हटवायला सांगितले. उद्या गुंठेवारीत नियमित करून घेऊ, असे आज सांगणाऱ्याला हा निकाल वाचून दाखवा.

आम्ही पाण्याची ही भाषा का बोलतो? अर्धापूरची केळी ज्या मातीवर आणि विहिरींवर उभी आहेत त्यांना बारा महिने ओल लागते. ‘अर्धापुरी’ म्हणून केळीचा वाण ओळखला जातो तो या गावाच्या नावाने. इसापूरचे पाणी कालव्याला येते, पण आवर्तन लांबले की बाग जगते ती विहिरीवर, आणि विहीर जगते ती वरच्या तळ्याच्या पाझरावर. त्या तळ्याभोवती दोनशे घरे उभी करा आणि भुयारी गटार नसलेल्या गावात दोनशे शोषखड्डे करा. मग त्या विहिरीतून काय उपसायचे? शेजारच्या लातूरला 2016 च्या मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांवर जमावबंदी लावावी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या फेरीत पाच लाख लिटर आले, एवढ्या मोठ्या शहराला. कंधारला राष्ट्रकूटांनी जगत्तुंग समुद्र बांधला तो हजार वर्षांपूर्वी, आणि गावोगावचे कितीतरी पाझर तलाव 1972 च्या दुष्काळात आमच्या आईबापांनी डोक्यावर माती वाहून बांधले. त्या मातीवर कुणाच्या प्लॉटचा दगड लागलेला आम्ही बघणार नाही.

घरे हवीत हे आम्हाला मान्य आहे. गावठाण भरले आहे, भाड्याच्या खोल्यांत कुटुंबे कोंबलेली आहेत. गावठाणाचा विस्तार चढाच्या जमिनीकडे करा, रस्ते आणि गटार आधी आखा, आम्ही तुमच्या बाजूने बोलू. घराच्या प्रश्नाची ढाल करून तळ्याचा सौदा मात्र करू नका.

प्लॉट घेणाऱ्या भावाबहिणींनाही सांगतो. बॅनर बघून इसार देऊ नका. सातबाऱ्यावर पोटखराबा किती आहे ते पाहा, 1954-55 चे खासरा पत्रक आणि जुना गावनकाशा काढा. त्यात तळे किंवा नाला दिसला तर तिथूनच परत फिरा, मग भाव कितीही कमी असो.

नगरपंचायतीला आमची मुदत मृग निघेपर्यंतची आहे. तोपर्यंत भूमी अभिलेख आणि जलसंधारण विभागाला सोबत घेऊन हद्दीतल्या आणि हद्दीलगतच्या प्रत्येक तळ्याची, नाल्याची मोजणी करा, पूर्ण संचय पातळीवर दगड रोवा आणि आत येणाऱ्या गट नंबरांची यादी कार्यालयाच्या फलकावर लावा. त्या गटांत पट्टा बदलणार नाही, बांधकाम परवानगी देणार नाही, नळजोडणी आणि मालमत्तेची नोंद करणार नाही, असा स्पष्ट ठराव घ्या. ज्या सदस्याची किंवा त्याच्या सोयऱ्याची जमीन त्यात आहे त्याने त्या विषयाच्या वेळी सभागृहाबाहेर बसावे.

हे झाले नाही आणि तळ्याकाठचा एकही ले-आउट मंजुरीला आला, तर नगरपरिषद अधिनियमाच्या कलम 308 खाली तो ठराव रोखण्याचा अर्ज त्याच दिवशी जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर असेल. कलम 37 च्या हरकती वॉर्डावॉर्डातून, घराघरातून येतील. नावानिशी मतदान मागू आणि कुणाचा हात वर होता ते प्रत्येक चौकात लिहून लावू. कलम 42 खाली पदावरून दूर करण्याची मागणी करू. त्यावरही थांबला नाहीत तर औरंगाबाद खंडपीठात जनहित याचिका दाखल होईल, आणि तिच्यात नगरपंचायतीबरोबर मंजुरीवर सही करणारा अधिकारी आणि ठरावाचा सूचक-अनुमोदक यांनाही नावाने प्रतिवादी करू.