माल बांधून झाल्यावर तपासणी कशाला?

परदेशी ग्राहकाचा इन्स्पेक्टर येणार म्हटले की भिवंडीत कारखानदाराच्या कपाळाला आठी पडते. चहा येतो, थंडा येतो, पण मनात एकच, हा माणूस लवकर जावा. कपड्याच्या धंद्यात तीस वर्षे घालवल्यावर माझे मत उलटे झाले आहे. तो येतो याची तक्रार नको, तो उशिरा येतो याची करावी.

रीत अशी आहे की माल पूर्ण तयार होतो, बहुतेक खोक्यांत बंद होतो आणि मग तपासणी होते. ८,००० नगांची खेप असेल तर रूढ तक्त्याप्रमाणे २०० नग काढतात. मोठ्या दोषांसाठी २.५ची मर्यादा ठरली असेल तर १० सदोष नग चालतात, अकरावा निघाला की खेप नामंजूर. तोवर सूत, विणाई, रंगाई, शिलाई सगळ्यांचे पैसे खर्च होऊन गेलेले असतात.

काही वर्षांपूर्वी माझी दुबईची चादरींची ऑर्डर होती. मध्येच बाण्याच्या सुताचा लॉट संपला. त्याच काउंटचे दुसऱ्या लॉटचे सूत मागांवर चढले. कोऱ्या कापडावर कोणालाच काही दिसले नाही. रंगून आले तेव्हा आडव्या पट्ट्या उठल्या, पण घाईत शिलाई झाली, खोकी बांधली गेली आणि इन्स्पेक्टरने पट्ट्या बरोबर पकडल्या. बोट गेली, एल.सी.ची मुदत गेली, माल पडेल भावाने विकला. त्यात मी विणणाऱ्यांची मजुरीही कापली. सूत त्यांनी आणले नव्हते, मी पुरवले होते. तो हिशेब अजून टोचतो.

हाच इन्स्पेक्टर दहा-वीस टक्के माल झाल्यावर आला असता तर? सुताच्या पेट्यांवरचे लॉट नंबर पाहिले असते. रीड-पिक मोजून, वजन करून पहिले दोन-चार तागे रंगवून, धुऊन पाहिले असते. कापड किती आटते ते तेव्हाच कळते. चार गुणांची पद्धत आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे: ३ इंचांपर्यंतच्या दोषाला १ गुण, ९ इंचांहून लांब असेल तर ४, आणि १०० चौरस वारांत साधारण ४० गुणांची हद्द. शेवटी ही मोजणी म्हणजे निकाल. सुरुवातीला तीच केली तर कोणता माग बिघडला आहे ते समजते, आणि तो माग थांबवता येतो. रंगाचे तर विचारूच नका. १९९०च्या दशकात जर्मनीने काही ॲझो रंगांवर बंदी घातली, पुढे युरोपनेही घातली. असा रंग एकदा कापडात गेला की त्या ग्राहकासाठी ते कापड संपले.

आयातदारानेही समजून घ्यावे. एल.सी.च्या व्यवहारात बँक कागद पाहते, माल पाहत नाही. २००७ पासून लागू असलेल्या यूसीपी ६००मध्येही हे स्पष्ट आहे. तपासणीचा दाखला मागितला तरी तो शेवटी मिळून उपयोग काय? खराब माल नाकारता येईल, पण त्याच्या दुकानात सीझनला माल कुठून येणार?

आपले काही बंधू म्हणतात, लवकर बोलावले तर तो रोज नवी खोट काढील. हे होते, मी पाहिले आहे. म्हणून माझी अट अशी की पहिल्या तपासणीचा खर्च आयातदाराने द्यावा. मंजूर तुकड्यावर सही करावी, अर्धा तुकडा त्याच्याकडे, अर्धा कारखान्यात. नंतर छटा बदलली म्हणून कुरकुर झाली तर दोन्ही तुकडे जोडून पाहावेत. आपला व्यवहार जबानीवर चालतो, कबूल. छटा जबानीवर कशी ठरणार?

मागच्या खेपेला एका ग्राहकाने ही अट ऐकून खर्चाची कटकट केली. त्या पट्ट्यांची एक चादर मी गोदामात जपून ठेवली आहे. ती त्याच्यासमोर उलगडली. त्याने बोटाने पट्ट्या मोजल्या आणि पहिल्या तपासणीची तारीख विचारली.