वहिनी उभ्या आहेत!

सोडतीच्या दिवशी दुपारपर्यंत घरातले चित्र वेगळेच असते. यजमानांनी गेली काही वर्षे वॉर्डात पायाला भिंगरी लावलेली असते. गणपती मंडळाची पावतीपुस्तके, रक्तदान शिबिरे, दहावीच्या मुलांना वह्या, बारशापासून बाराव्यापर्यंत सगळीकडे हजेरी. पुठ्ठ्यावर 'भावी नगरसेवक' असे लिहून फोटोही काढून झालेले असतात. आणि मग चिठ्ठी निघते : वॉर्ड महिलांसाठी राखीव! संध्याकाळी चहाचा कप हातात घेता घेता यजमान सहज बोलावे तसे बोलतात, ''आता तूच उभी राहा.'' सौभाग्यवतींनी त्या वेळी परातीत नुकती कणीक घेतलेली असते.

असे प्रसंग ११ नोव्हेंबर २०२५ नंतर मुंबईतल्या कितीतरी घरांत घडले असतील. त्या दिवशी मुंबई महापालिकेच्या प्रभाग आरक्षणाची सोडत निघाली आणि २२७ पैकी ११४ जागा महिलांच्या वाट्याला आल्या. घटनेची ७४ वी दुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. तिने देशभरातल्या पालिकांत एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये हे प्रमाण निम्म्यावर नेले. केरळमध्ये ते २०१० च्या निवडणुकीपासूनच निम्मे होते. कायद्याने खुर्ची दिली हे खरे, पण खुर्चीवर कोण बसणार आणि तिच्यामागे उभे राहून कोण बोलणार, हा प्रश्न कायद्याच्या हातातला नाही. तो घरातच सुटतो किंवा घरातच अडतो.

मराठीत निवडणुकीला माणूस 'उभा' राहतो आणि त्याने माघार घेतली की तो 'बसला' म्हणतात. घरातल्या बाईच्या बाबतीत मात्र 'उभी केली' असे म्हणण्याची पद्धत आहे. जणू ती घडवंचीच! त्यामुळे उमेदवारी अर्जावर सही करण्यापूर्वी वहिनींनी यजमानांना एकच प्रश्न विचारलेला बरा : ''निवडून आल्यावर सभागृहात मी बोलायचे, की तुम्ही दिलेला कागद वाचायचा?'' उत्तर यायला वेळ लागला, तर तेही एक उत्तरच समजावे.

अर्ज भरणे हे एक स्वतंत्र प्रकरण आहे. वयाची एकवीस वर्षे पूर्ण हवीत. नाव त्या शहराच्या मतदार यादीत हवे. उमेदवार दुसऱ्या प्रभागातला असला तरी चालतो, सूचक-अनुमोदक मात्र त्याच प्रभागातले लागतात. १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या मुलामुळे अपत्यसंख्या दोनच्या वर गेली असेल, तर उमेदवारी तिथेच संपते. या एका अटीने अनेक घरांतली स्वप्ने छाननीच्या टेबलावरच मोडली आहेत. पालिकेच्या कंत्राटात भागीदारी असता कामा नये. मालमत्ता, कर्ज, गुन्हे यांचे शपथपत्र द्यावे लागते. वहिनींच्या नावावर नक्की काय काय आहे, हे पुष्कळ घरांत वहिनींना त्याच दिवशी कळते! पक्षाची उमेदवारी असेल तर 'एबी फॉर्म' हवा. तो शेवटच्या दिवशी, शेवटच्या तासाला कोणाच्या हाती पडेल, हे पक्षाच्या नेत्यांनाही कधी कधी ठाऊक नसते. तोवर सगळे घर जेवणाखाण्याचे भान विसरून फोनकडे डोळे लावून बसलेले असते.

आणि दिवस किती थोडे असतात पाहा. जानेवारी २०२६ मध्ये राज्यातल्या २९ महापालिकांची निवडणूक झाली. माघारीची मुदत २ जानेवारीला संपली, चिन्हे ३ जानेवारीला मिळाली, प्रचार १३ तारखेच्या संध्याकाळी थांबला आणि मतदान १५ ला झाले. म्हणजे अपक्ष बाईला कपबशी मिळो की शिलाई मशीन, ते चिन्ह हजारो घरांत पोचवायला जेमतेम दहा-अकरा दिवस. त्यात १४ ला संक्रांत. एरवी हळदीकुंकवासारखी प्रचाराला सोयीची संधी नाही. पण ऐन संक्रांतीला प्रचार बंद झालेला! आधी बोलावावे, तर वाणाचे डबे आचारसंहितेत अडकायचे. मतदारांना भेटवस्तू देणे हा गुन्हा आहे आणि डबा प्लॅस्टिकचा असला तरी ती वस्तूच. तिळगूळ हातावर ठेवून गोड बोलायला सांगणाऱ्या वहिनींच्या तोंडून या वर्षी भलतेच काही निघेल, म्हणून कार्यकर्त्यांचा जीव टांगणीला लागला असणार.

पैशाची गोष्ट घरात सर्वांत कमी बोलली जाते, म्हणून ती आधी बोलावी. या निवडणुकीत मुंबईसाठी आणि 'अ' वर्गातल्या महापालिकांसाठी खर्चाची मर्यादा १५ लाख रुपये होती. मर्यादा म्हणजे तेवढा खर्च केलाच पाहिजे असे नव्हे. पण ऐकतो कोण? खर्चासाठी बँकेत वेगळे खाते काढावे लागते. चहा, वडापाव, मांडव, खुर्च्या, रिक्षावरचा भोंगा या सगळ्यांचे दर प्रशासन ठरवून देते आणि खर्च त्या दराने मोजला जातो. भाच्याने फुकट आणलेल्या खुर्च्याही मग फुकट राहत नाहीत. हिशेबाच्या कामाला घरातली काटेकोर बाई बसवावी, असे जाणकार सांगतात. पण बहुतेक घरांत ती काटेकोर बाई स्वतःच उमेदवार असते, हीच अडचण. आणि सोने गहाण ठेवून लढण्याची वेळ येत असेल, तर त्या निर्णयाला सासूबाई आणि कॉलेजातली मुले यांनाही बसवायला हवे. हरल्यावर हप्ते सगळ्यांच्या ताटातून जातात.

मुंबई सोडली, तर राज्यातल्या बाकीच्या शहरांत प्रभाग बहुतेक चार सदस्यांचे आहेत. एकाच मतदाराने चार मते द्यायची, चार वेगवेगळ्या जागांसाठी. तिथे एकट्या बाईचे काम आणखी अवघड होते, कारण पक्षाचे चौघे एका गाडीत फिरतात आणि ही पायी.

पायी फिरूनही माणसे निवडून आली आहेत, हेही खरे. मृणाल गोरे १९६१ मध्ये गोरेगावातून मुंबई महापालिकेवर गेल्या त्या पोस्टरच्या जोरावर नव्हे. त्याआधी त्या गोरेगावच्या ग्रामपंचायतीत होत्या आणि वस्तीतल्या बायका पाण्यासाठी किती वाजता उठतात, हे त्यांना ठाऊक होते. लोकांनी त्यांना 'पाणीवाली बाई' म्हटले. पुढे आमदारकी आली, १९७७ मध्ये खासदारकी आली, पण नाव नळावरचेच राहिले. चिपळूणच्या सुमित्रा महाजन लग्नानंतर इंदूरला गेल्या, १९८२ मध्ये तिथल्या महापालिकेत निवडून आल्या, उपमहापौर झाल्या आणि २०१४ मध्ये लोकसभेच्या अध्यक्षांच्या आसनावर बसल्या. तिरुअनंतपुरममध्ये २०२० साली आर्या राजेंद्रन या गणिताच्या विद्यार्थिनीने कॉलेजात शिकत असतानाच निवडणूक लढवली आणि एकविसाव्या वर्षी ती महापौर झाली. या तिघींच्या मागे घरच्यांची साथ होती की नव्हती, हा मुद्दा वेगळा. पण सभागृहात बोलताना त्यांच्या हातात दुसऱ्याने लिहिलेला कागद नव्हता.

आणि ''आपल्या एका मताने काय होणार?'' असे म्हणणाऱ्या शेजाऱ्यांसाठी वहिनींनी दोन गोष्टी पदराला बांधून ठेवाव्यात. वल्लभभाई पटेल १९१७ मध्ये अहमदाबादच्या नगरपालिकेवर पहिल्यांदा निवडून आले ते अवघ्या एका मताने. आणि २०१७ मध्ये मुंबईच्या २२० क्रमांकाच्या प्रभागात भाजपचे अतुल शहा आणि शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर यांना फेरमोजणीनंतरही सारखीच मते पडली, प्रत्येकी ५,९४६. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या, एका लहान मुलीने चिठ्ठी उचलली आणि शहा नगरसेवक झाले. त्या प्रभागात मतदानाच्या दिवशी दुपारी जेवून झोपलेल्यांना नंतर झोप कशी लागली असेल, कोण जाणे.

निवडून आल्यावर काय, याचा विचार प्रचाराच्या धामधुमीत राहूनच जातो. नगरसेविकेच्या हाती सत्ता असते अशी समजूत आहे. मुंबईत १८८८ च्या कायद्याने कारभार चालवण्याचे अधिकार आयुक्तांकडे आहेत. नगरसेविकेने अर्थसंकल्पावर बोलायचे, समित्यांत प्रश्न विचारायचे, आपल्या प्रभागासाठी निधी मागायचा आणि अधिकाऱ्याच्या टेबलावर पडलेली फाईल हलेपर्यंत पाठ सोडायची नाही. यात भाषणापेक्षा चिकाटी जास्त लागते. रेशन दुकानात, शाळेच्या प्रवेशाला, गॅसच्या नंबराला वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या बायकांकडे ती असते. मुंबईची मागची सभा ७ मार्च २०२२ ला संपली आणि पुढची निवडणूक व्हायला जवळजवळ चार वर्षे लागली. या काळात गटार तुंबले तर सांगायचे कोणाला, हे लोकांना कळेनासे झाले होते. नगरसेवक नावे ठेवण्यासाठी का होईना, पण दारात सापडणारा माणूस असतो.

निकालाच्या दिवशी एका घरासमोर गुलाल उडतो आणि बाकीच्या घरांत दूरदर्शन संच लवकर बंद होतो. हरलेल्या वहिनी दोन दिवस खाली उतरत नाहीत. तिसऱ्या दिवशी दूध आणायला जावेच लागते. जिन्यात तळमजल्याच्या काकू भेटतात. मत कोणाला दिले ते त्या सांगत नाहीत, वहिनीही विचारत नाहीत. काकू एवढेच म्हणतात, ''पाणी परत कमी दाबाने येतेय गं. तू त्या ऑफिसात जाऊन आली होतीस ना? कोणाला भेटायचे तिथे?'' वहिनी दुधाची पिशवी दुसऱ्या हातात घेतात आणि साहेबांचे नाव, मजला आणि भेटायची वेळ सांगतात. मग घरी येऊन त्या चहाच्या आणि वडापावच्या पावत्या पुन्हा काढून बसतात. हरलेल्या उमेदवारालाही तीस दिवसांच्या आत खर्चाचा हिशेब द्यावाच लागतो.