ऑफ-सीझनचे सहा महिने कोणासाठी?

उसात वजनाच्या साधारण सत्तर टक्के पाणीच असते. गाळपात त्याची वाफ होते, वाफ थंड होऊन कंडेन्सेट म्हणून परत मिळते आणि ते नीट वापरले तर कारखान्याला नदीतून फारसे पाणी उचलावे लागत नाही. ते कंडेन्सेट बॉयलरला द्यायचे की बाहेर सोडायचे, याचा निकाल मध्यरात्रीच्या पाळीत कोण लावतो? प्रयोगशाळेतला एक हंगामी कामगार. परीक्षानळीतल्या पाण्यात अल्फा-नॅफ्थॉलचे थेंब टाकून, कडेने सल्फ्युरिक आम्ल सोडून जांभळे कडे उमटते का, ते तो पाहतो. उमटले तर पाण्यात साखर आली, बॉयलरला धोका. ही चाचणी त्याला कोणी मन लावून शिकवली नसेल, कडे दिसल्यावर कोणाला उठवायचे हे सांगितले नसेल, तर तो अंगावर जबाबदारी नको म्हणून सगळेच पाणी गटारात सोडतो. सांडपाणी वाढते, प्रक्रिया केंद्रावर ताण येतो आणि नोटीस आली की दोष यंत्रणेला दिला जातो.

शाश्वततेच्या नावाखाली आपल्या कारखान्यांनी गेल्या काही वर्षांत पुष्कळ खर्च केला. सहवीजनिर्मिती, इथेनॉल, आसवनीच्या स्पेंटवॉशसाठी इन्सिनरेशन बॉयलर. हा खर्च आवश्यकच होता. मात्र प्रकल्प अहवालात यंत्रांची यादी पानोपानी असते आणि ती चालवणाऱ्यांच्या प्रशिक्षणाला एखादी ओळ मिळते. बहुतेक ठिकाणी मनुष्यबळ विकास म्हणजे टाइम ऑफिस: हजेरी, पगारपत्रक, वेतनकरार, रजा. ते काम सोपे नाही आणि ते करणाऱ्यांबद्दल आम्हाला आदर आहे. पण तेवढ्यावर कारखाना पुढची वीस वर्षे टिकणार नाही.

गाळपक्षमता वाढत गेली, ऊस त्या प्रमाणात वाढला नाही. त्यामुळे काही भागांत हंगाम शंभर दिवसही भरत नाही. साखरेचा किमान विक्रीदर 2019 मध्ये किलोला 31 रुपये ठरला; उसाला द्यायची किमान किंमत, म्हणजे एफआरपी, त्यानंतर अनेकदा वाढली. अशा आतबट्ट्यात वाफेची आणि साखरेची गळती थांबवणे हाच हातात राहिलेला मार्ग आहे आणि ती थांबवणारे हात पाळीवर असतात. तरीही वर्षातला निम्म्याहून जास्त काळ हंगामी कामगार घरी बसून असतो. श्रेणीनुसार त्याला रिटेन्शन अलाउन्स मिळतो, म्हणजे त्याला टिकवण्यासाठी कारखाना पैसे मोजतोच. त्या महिन्यांतले पंधरा दिवस त्याला बोलावून, पूर्ण पगार देऊन शिकवले तर? ओव्हरहॉलिंगच्या वेळी उघडलेला पंप, उघडलेला इव्हॅपोरेटर याच्याइतका चांगला वर्ग दुसरा नाही. मांजरीचे वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट 1975 पासून याच उद्योगासाठी उभे आहे. तिथे फक्त अधिकाऱ्यांनाच पाठवावे असा नियम कुठेही नाही.

दुसरी गळती डोळ्यांना दिसत नाही. मॅसेक्विट चिमटीत धरून तार पाहणारा, काचेवरचा दाणा नुसत्या नजरेने ओळखणारा जुना पॅनमन निवृत्त होतो, त्याचा सत्कार होतो आणि तीस वर्षांचे ज्ञान नारळ-शालीसोबत घरी जाते. निवृत्तीआधीचे दोन हंगाम त्याच्या जोडीला एक तरुण द्या आणि शिकवण्याच्या कामाचा त्याला वेगळा भत्ता द्या. ऑटोमेशन आले तरी स्क्रीनवरचा आकडा चुकतो आहे, हे ओळखायला दाणा पाहिलेला माणूसच लागतो. ही जोडी ठरवताना संचालकांची शिफारस मधे येऊ देऊ नका, हे आम्ही स्पष्टपणे लिहितो. कारण शिकण्याची इच्छा असलेला पोरगा मागे राहिला तर सगळ्या पाळीचे मन मोडते.

प्रवरानगरचा कारखाना 1950 मध्ये सुरू झाला, तेव्हापासून सहकारी साखर कारखान्यांनी परिसरात शाळा, महाविद्यालये, रुग्णालये उभी केली. माणूस घडवणे हा या चळवळीचा पिंडच आहे. तोच विचार गेटच्या आत आणि फडातही पोचायला हवा. ऊसतोड मजूर मुकादमाचा, आपला नव्हे, ही समजूत कारखान्याला परवडणारी नाही. बुडख्याकडच्या कांड्यांत साखर जास्त; ऊस जमिनीलगत तोडला गेला तर उतारा सुधारतो आणि खोडवाही चांगला फुटतो. हे टोळीला शिकवायचे तर आधी तिच्या राहण्याची, पाण्याची, बायकांच्या आरोग्याची जबाबदारी घ्यावी लागेल. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये राज्यासमोर आला. मनुष्यबळ विकासाची चर्चा त्यांना वगळून होऊ शकत नाही. तोडणी यंत्रे वाढत आहेत, तर ती चालवण्याचे आणि दुरुस्त करण्याचे शिक्षण याच टोळ्यांतल्या तरुण-तरुणींना आधी मिळाले पाहिजे.

वार्षिक सभेच्या अहवालात सभासद गाळप, उतारा आणि दर वाचतात. कार्यकारी संचालकांना आमची विनंती आहे की, यंदा त्यात एक पान वाढवा. किती हंगामी कामगारांना कोणते काम शिकवले, किती जणांची श्रेणी वाढली, कोणत्या पदांवरचे अनुभवी लोक पुढच्या तीन वर्षांत निवृत्त होणार आणि त्यांच्या जागी कोण तयार होत आहे, एवढे त्या पानावर असावे. टोळ्यांशी करार ऑफ-सीझनमध्येच होतात. त्या करारात निवाऱ्याची आणि आरोग्य तपासणीची कलमे घातली की नाही, हेही तिथेच लिहा.