वाटणी नव्हे, व्यवस्था

१ मे उजाडला की मुंबईच्या हुतात्मा चौकात पुष्पचक्रे वाहिली जातात आणि विदर्भवादी मंडळी तोच दिवस काळा दिवस म्हणून पाळतात. संयुक्त महाराष्ट्रासाठी ज्यांनी प्राण वेचले, त्यांच्या स्मृतीपुढे प्रत्येक मराठी माणसाने नतमस्तक व्हावे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु राज्यांच्या रचनेचा विषय निघताच एक बाजू 'महाराष्ट्राचे तुकडे होऊ देणार नाही' म्हणून अंगावर येते, तर दुसरी 'राज्य वेगळे झाले की सारी दुःखे संपली' असे स्वप्न विकते. या गदारोळात विचार मात्र हरवतो.

घटनेच्या पहिल्या अनुच्छेदात भारताला 'राज्यांचा संघ' म्हटले आहे. हा संघ राज्यांनी आपसात केलेल्या करारातून जन्मलेला नाही आणि म्हणूनच कोणत्याही राज्याला त्यातून फुटून निघण्याचा अधिकार नाही, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ मध्येच घटना समितीत स्पष्ट केले होते. तिसऱ्या अनुच्छेदानुसार संसद साध्या बहुमताने नवे राज्य निर्माण करू शकते. संबंधित विधानसभेचे मत मागवावे लागते, पण ते संसदेवर बंधनकारक नसते. याचा अर्थ सरळ आहे. राष्ट्र अखंड आहे, राज्ये ही त्याच्या कारभाराची सोय आहे. घरातील खोल्यांची मांडणी बदलल्याने घर मोडत नसते. संघकार्यात कोकण, पश्चिम महाराष्ट्र, देवगिरी आणि विदर्भ असे चार प्रांत आहेत. त्यामुळे कोणाचे मराठीपण उणावल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

१९५३ साली नेमलेल्या फाजल अली आयोगाने १९५५ च्या अहवालात विदर्भाच्या स्वतंत्र राज्याची शिफारस केली होती. ती डावलली गेली. त्याच वर्षी डॉ. आंबेडकरांनी भाषावार राज्यांवर पुस्तिका लिहिली. एका राज्याची भाषा एक असावी, परंतु एका भाषेचे राज्य एकच असले पाहिजे असे नाही, हा त्यांचा युक्तिवाद होता. उत्तर प्रदेशाचे तीन, बिहार व मध्य प्रदेशाचे प्रत्येकी दोन भाग करावेत, असे त्यांनी सुचवले. ज्या द्रष्टेपणाची दखल तेव्हा घेतली गेली नाही, त्याची प्रचीती २००० साली आली.

त्या वर्षीच्या नोव्हेंबरात छत्तीसगड, उत्तरांचल (आजचे उत्तराखंड) आणि झारखंड ही तीन राज्ये पंधरवड्यात अस्तित्वात आली. मूळ राज्यांच्या विधानसभांची संमती मिळवून अटलजींच्या सरकारने हे कार्य सिद्धीस नेले. आता २०१४ आठवावे. आंध्र प्रदेशाच्या विधानसभेने फेटाळलेले विधेयक लोकसभेत मांडले गेले, सभागृहात मिरपुडीचा फवारा उडाला आणि मंजुरीच्या वेळी थेट प्रक्षेपणही बंद पडले. तेलंगणाची मागणी न्याय्य होती, पण पद्धतीने कटुता पेरली. हैदराबाद ही संयुक्त राजधानी राहण्याची दहा वर्षांची मुदत २०२४ मध्ये संपली, तरी पाण्याचे आणि मालमत्तेचे तंटे मागे उरलेच. घर वाटताना भावांनी एकत्र बसावे की कोर्टाची पायरी चढावी, याचे उत्तर या दोन उदाहरणांत आहे.

लहान राज्य म्हणजे सुराज्य, असेही नव्हे. ८१ सदस्यांच्या झारखंड विधानसभेत २००६ साली एक अपक्ष आमदार मुख्यमंत्री झाला. चाळीस सदस्यांच्या गोव्यात मूठभर आमदारांनी कूस बदलली की सरकार कोसळते, हे आपण वारंवार पाहिले आहे. म्हणूनच निकष आकाराचा नसावा. शासन शेवटच्या माणसाला किती जवळचे वाटते, हा निकष असावा.

या कसोटीवर महाराष्ट्राने स्वतःला तपासावे. १९५३ च्या नागपूर करारात विदर्भ व मराठवाड्याला न्याय्य वाट्याचे वचन दिले गेले. दांडेकर समितीने १९८४ मध्ये राज्याचा अनुशेष सुमारे ३,१८६ कोटी रुपये असल्याचे दाखवले व त्यात विदर्भाचा वाटा सर्वाधिक होता. त्यानंतर दहा वर्षांनी, १९९४ मध्ये, वैधानिक विकास मंडळे आली. ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली आणि ती वाढवण्यात आली नाही. सिरोंच्याच्या शेतकऱ्याला मंत्रालय गाठण्यासाठी शेकडो किलोमीटरचा प्रवास करावा लागतो. दिलेला शब्द पाळायचा नाही आणि कोणी वेगळे होण्याची भाषा केली की त्याच्या निष्ठेवर शंका घ्यायची, हा न्याय नव्हे. अखंडतेचा आग्रह धरणाऱ्यांवरच अनुशेष भरून काढण्याचे दायित्व अधिक आहे.

आंदोलन पेटले की राज्य द्यायचे आणि विझले की विसरायचे, ही रीत आता थांबली पाहिजे. लोकसंख्या, अंतर, महसूल, पाणी आणि सीमेवरील सुरक्षा यांचा शांतपणे विचार करणारा दुसरा राज्य पुनर्रचना आयोग नेमला जावा. त्याचा निर्णय विदर्भाच्या बाजूने लागो वा विरुद्ध, तो सर्वांनी मोकळ्या मनाने स्वीकारावा. नकाशावरच्या रेषा माणसांनी आखल्या आहेत आणि त्या माणसांच्या सोयीसाठी बदलता येतात. त्या रेषांच्या दोन्ही बाजूंना एकच समाज नांदतो, याचा विसर मात्र कोणाला पडता कामा नये.