अर्धा तास फोन द्या!

तुमच्या घरी कुणावर उपचार सुरू असतील आणि डॉक्टरांना त्यांना व्हिडीओ कॉलवर बघायचं असेल, तर तो कॉल कुणाच्या फोनवर येईल? तुमच्याच ना! आणि सकाळी अकरा वाजता तुमचा फोन कुठे असतो? तुमच्यासोबत, कॉलेजच्या कट्ट्यावर.

हे सुचलं आमच्या कुरुळीतल्या शेजारच्या काकांमुळे. काका एका वर्कशॉपमध्ये प्रेसवर कामाला होते. मशीनखाली उजव्या हाताची दोन बोटं सापडली. ऑपरेशन झालं, टाके निघाले, सगळ्यांना वाटलं की सुटलो. पण खरं काम पुढेच होतं. बोटाची शिर जोडली की ती आजूबाजूच्या जखमेला चिकटू लागते. व्यायाम केला नाही तर बोट आखडतं, जास्त जोर लावला तर जोडलेली शिर तुटू शकते. म्हणून यूट्यूब बघून हे जमत नाही. तुमचं बोट बघून ‘बास, आज एवढंच’ म्हणणारं जाणकार माणूस लागतं.

ते माणूस पिंपरीच्या बाजूला. कुरुळीहून निघायचं, मोशी-भोसरीचं ट्रॅफिक पार करायचं, रांगेत बसायचं आणि तसंच परत यायचं. वीस मिनिटांच्या व्यायामासाठी अर्धा दिवस जायचा. सोबत जायला काकूंनाही कामावर खाडा करावा लागायचा. चार खेपा झाल्या आणि काका म्हणाले, ‘‘राहू दे, होईल आपोआप.’’

तसं होत नाही. फिजिओथेरपिस्ट मॅडमनीच मग मार्ग काढला: आठवड्यातून एकदा या, बाकी दिवस व्हिडीओ कॉल करू. पण काकांचा फोन बटणांचा. स्मार्टफोन एकच, तोही बी.कॉम.च्या मुलाकडे. पहिल्या आठवड्यातले कॉल असेच हुकले. शेवटी वेळ संध्याकाळी साडेसातची ठरली. आता फोन पिठाच्या डब्याला टेकवलेला असतो, मुलगा शेजारी बसून आकडे मोजतो, मॅडम पलीकडून ओरडतात, ‘‘मनगट हलवू नका काका!’’ काका आता चहाचा कप धरतात. पाना अजून धरता येत नाही.

तुम्ही म्हणाल, स्क्रीनवरून काय फिजिओथेरपी होणार? शंका रास्त आहे. बोट किती अंशात वाकतं ते मोजायला, स्प्लिंट नीट बसवायला प्रत्यक्ष हातच लागतो. म्हणून आठवड्याची खेप सुटत नाही. पण मधल्या दिवसांचं काय? पक्षाघातानंतर हात कमजोर झालेल्या १२४ रुग्णांवर अमेरिकेत एक चाचणी झाली. निष्कर्ष २०१९ मध्ये आले. प्रत्येकाच्या ३६ सत्रांपैकी देखरेखीची सत्रं निम्म्यांनी केंद्रात जाऊन आणि निम्म्यांनी घरीच केली. दोन्हीकडे १८ सत्रांत थेरपिस्टची देखरेख होती, घरच्यांना ती व्हिडीओवरून मिळाली. सुधारणा जवळपास सारखीच निघाली. म्हणजे नुसतं ॲप देऊन भागत नाही, त्यामागे बघणारं माणूस लागतंच.

आपल्याकडे ‘ई-संजीवनी ओपीडी’ एप्रिल २०२० पासून आहे. घरबसल्या डॉक्टरांचा सल्ला मिळतो, तोही मोफत. पण पुनर्वसन एका कॉलमध्ये उरकत नाही. तोच थेरपिस्ट, तीच वेळ, असं कित्येक आठवडे चालावं लागतं. ही सोय चाकण पट्ट्यातल्या कामगाराला मिळायलाच हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. ईएसआय योजनेत कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. कामावर इजा झाली तर बरं होईपर्यंत वेतनाच्या ९० टक्के भत्ताही मिळतो. चांगलंच आहे, पण भत्त्याने बोट वाकत नाही. व्हिडीओवरचं सत्रही उपचारातच धरलं जावं आणि त्याची वेळ थेरपिस्टच्या ड्यूटीत लिहिलेली असावी. आज ते एखाद्या मॅडमच्या चांगुलपणावर चालतं. चांगुलपणावर किती दिवस चालणार?

हे व्हायचं तेव्हा होईल. तोवर तुमच्या हातात काय आहे, तर फोन. घरात आई, आजोबा, काका कुणीही उपचारातून उठत असेल, तर कॉलची वेळ तुमच्या टाइमटेबलमध्ये लिहा. थेरपिस्टने सांगितलेले व्यायाम आणि आकडे वहीत उतरवा. मनाने एकही वाढवू नका. सूज आली किंवा बोट अचानक वाकेनासं झालं, तर पुढच्या कॉलची वाट न बघता कळवा. आणि हो, त्या अर्ध्या तासात नोटिफिकेशन बंद ठेवा. काका दहावा आकडा मोजत असताना वर रीलचा मेसेज टपकला, की मोजणी पहिल्यापासून!