कार्डावर नाव आहे, पण विमा कोणाचा?

आरोग्य विमा हा विषय आपल्या बैठकांत क्वचितच निघतो. सातबाऱ्यावर बाईचे नाव हवे, घर दोघांच्या नावे हवे, परित्यक्तेला स्वतंत्र शिधापत्रिका हवी, हे आपण वर्षानुवर्षे मांडत आलो. पण नोकरदार घरातल्या बाईचे आजारपण आज ज्या कागदावर निभावते, तो कागद कोणाचा आहे हे मात्र आपण विचारत नाही. बहुतेक वेळा तो नवऱ्याच्या कंपनीचा असतो आणि ती त्यात ‘अवलंबित’ म्हणून असते.

माझे म्हणणे सरळ आहे. कंपनीचा विमा असला तरी बाईने स्वतःच्या नावे दुसरा विमा घ्यावा, आणि तो तब्येत धडधाकट असताना घ्यावा.

कंपनीचा विमा वाईट असतो असे नाही. उलट त्यात सोयी जास्त असतात. आधीपासूनच्या आजारासाठी बहुधा थांबावे लागत नाही, पुष्कळ ठिकाणी बाळंतपणाचा खर्चही ठराविक मर्यादेपर्यंत मिळतो. स्वतः घेतलेल्या पॉलिसीत या गोष्टी सहसा मिळत नाहीत. १९८६ साली सरकारी विमा कंपन्यांनी ‘मेडिक्लेम’ आणली, तेव्हा बाळंतपण त्यातून वगळलेलेच होते आणि फायब्रॉईडसाठी गर्भाशय काढण्याचा खर्च पहिल्या वर्षी मिळत नसे. आजही गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया, हर्निया, मोतीबिंदू यांसाठी बऱ्याच पॉलिसींत दोन वर्षे थांबावे लागते. बाईच्या शरीराला काय काय होते, हे विचारात घेऊन हे नियम कोणी केलेले दिसत नाहीत.

तरीही दुसरा विमा का? कारण कंपनीचा विमा नोकरीला बांधलेला असतो, आणि बायकोचा विमा नोकरीला आणि लग्नाला, दोन्हींना. नोकरी सुटली की तो संपतो. घटस्फोट झाला की संपतो. आणि नवऱ्याने टाकले, पण कागदोपत्री लग्न शाबूत आहे, अशा वेळी तो आहे की नाही हेच कळत नाही.

आमच्या सल्ला केंद्रात अशी एक बाई आली होती. नवरा मोठ्या कारखान्यात, लग्नाला चौदा वर्षे झालेली. दीड वर्षापासून ती माहेरी राहत होती. छातीत गाठ आढळली, डॉक्टरांनी लगेच शस्त्रक्रिया सांगितली. कार्ड घेऊन ती रुग्णालयात गेली, तेव्हा खिडकीवर तिला समजले की या वर्षी नूतनीकरणाच्या वेळी नवऱ्याने तिचे नाव दिलेच नव्हते. तिला पत्र नाही, निरोप नाही. कंपनीच्या दृष्टीने सभासद तो, कळवायचे त्याला. आता नवीन पॉलिसी घ्यावी तर आजार आधीचा ठरला. २०२४ सालच्या नियमांनुसार अशा आजारासाठी विमा कंपनी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकते, किंवा पॉलिसी नाकारूही शकते. शेवटी भावाने कर्ज काढले आणि शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात झाली.

यावर पुष्कळ जणी म्हणतात, “दोनदा हप्ता भरायचा, आणि पैसे एकदाच मिळणार.” हे खरे आहे. एकच बिल दोन कंपन्यांकडून पूर्ण वसूल करता येत नाही. पण कोणत्या विम्यातून आधी पैसे घ्यायचे हे ठरवण्याचा हक्क विमेदाराचा आहे, आणि एकाची रक्कम संपली की उरलेले बिल दुसऱ्याकडे मागता येते. २०२४ च्या नियमांप्रमाणे पहिल्या कंपनीने त्यासाठी दुसरीशी समन्वयही करायचा आहे. माझ्या स्वतःच्या पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेचे बिल दोन लाख साठ हजार झाले. कचेरीचा विमा दोन लाखांचा होता, तो संपला. उरलेल्या साठ हजारांपैकी अठ्ठेचाळीस हजार माझ्या पॉलिसीतून आले, बारा हजार मी भरले. त्यासाठी पहिल्या कंपनीचे हिशेबाचे पत्र आणि सगळ्या बिलांच्या प्रती जपून ठेवाव्या लागल्या, एवढेच.

हप्ता परवडत नाही त्यांना ‘टॉप-अप’ सुचवला जातो. ठराविक रकमेच्या वरचा खर्चच त्यातून मिळतो, म्हणून तो स्वस्त असतो. मोठ्या आजारासाठी तो उपयोगी आहे. पण लक्षात घ्या, खालची रक्कम कोणीतरी भरेल हे त्यात गृहीत असते. ते कोणीतरी म्हणजे कंपनीचा विमा. तोच गेला तर पहिले तीन-चार लाख बाईच्या अंगावर येतात. तेव्हा जिचा संसार डळमळीत आहे तिने लहान का होईना, पहिल्या रुपयापासून चालणारी पॉलिसी घ्यावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटीही रद्द झाला आहे. अर्ज भरताना एकही आजार लपवू नये. सलग पाच वर्षे विमा चालू राहिला की फसवणूक सिद्ध केल्याखेरीज माहिती दडवल्याच्या कारणावरून कंपनीला पैसे नाकारता येत नाहीत. ही पाच वर्षे आजच सुरू व्हायला हवीत.

दुसरा आक्षेप आपल्या चळवळीतला आहे आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. आरोग्य हा हक्क आहे, तो बाजारातून विकत का घ्यायचा? आपण खाजगी विम्याचा प्रचार का करायचा? मलाही सरकारी रुग्णालये सुधारलेलीच हवी आहेत. मोलकरीण, शेतमजूर बाईला हप्त्याचा सल्ला देणे म्हणजे तिची थट्टा आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची मर्यादा वाढवून ती सर्वांना लागू करण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२३ साली घेतला. पण ती ठरावीक उपचारांना आणि ठरावीक रुग्णालयांतच चालते. त्या लढाईला पर्याय नाही. मात्र ती जिंकेपर्यंत ज्या बाईला चार पैसे बाजूला टाकता येतात, तिने ते नवऱ्याच्या मर्जीवर सोडू नयेत. स्वतंत्र शिधापत्रिका मागताना आपण रेशन व्यवस्था बरोबर आहे असे म्हटले नव्हते. आहे त्या व्यवस्थेत बाई माणूस म्हणून मोजली जावी, एवढेच म्हटले होते.

म्हणून एकटीदुकटीने पॉलिसी घेऊन भागणार नाही. काही मागण्या संघटनांनीच लावून धरायला हव्यात. ग्रुप विम्यात जिचे नाव आहे तिला कार्ड थेट मिळावे, आणि नाव काढण्याआधी तिला लेखी कळवावे. ग्रुप विम्यातून बाहेर पडणाऱ्या कुटुंबीयांना त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय नियमांत आहे, पण तपासणीच्या अटीवर. विभक्त झालेल्या बाईसाठी ती अट काढावी. आणि आईवडील की सासूसासरे, यांपैकी एकच जोडी निवडा असे जिथे विचारले जाते, तिथे उत्तर नोकरी करणारीने द्यावे, घरातल्या वडीलधाऱ्यांनी नव्हे.

आणि आपल्या हातातले एक काम. सल्ला केंद्रात आलेल्या बाईला आपण स्त्रीधन विचारतो, मुलांच्या शाळा विचारतो, राहण्याची सोय विचारतो. त्याच कागदावर आणखी दोन ओळी छापून घेऊ या: विमा कोणाच्या नावे आहे, आणि तो कधी संपतो? २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २० मध्ये वैद्यकीय खर्च मागता येतो. त्या अर्जात विम्याच्या हप्त्याचीही मागणी घालायला आपल्या वकील मैत्रिणींना सांगू या. काही न्यायाधीश नाही म्हणतील, काही हो म्हणतील. मागितलेच नाही, तर मात्र कोणीच देणार नाही.